‘गिफ्ट’: भेट, विष आणि लग्न एकाच शब्दात कसे आले?

प्रश्न असा आहे: इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट. जर्मनमध्ये जी, आय, एफ, टी याच चार अक्षरांचा अर्थ होतो विष. स्वीडिशमध्ये विष तर होतोच, शिवाय ‘विवाहित’ असाही होतो. हा योगायोग की नातं? आणि नातं असेल, तर भेटीचं विष झालं कसं?

नातं आहे आणि अगदी सख्खं आहे. मी बरीच वर्षं जर्मन शिकवतो आणि जर्मन-स्वीडिश कागदपत्रांचे अनुवाद करतो. जवळजवळ प्रत्येक वर्गात कुणी ना कुणी हे विचारतंच, आणि विचारताना गृहीत धरलेलं असतं की आधी भेट होती, मग जर्मनांनी तिचं विष केलं. खरा क्रम तसा नाही. मूळ शब्दाचा अर्थ भेटही नव्हता, विषही नव्हता, लग्नही नव्हता. त्याचा अर्थ होता ‘देणं’, देण्याची क्रिया.

मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये. वाढदिवसाला घड्याळ दिलं. डॉक्टरांनी औषध दिलं. दुधातून विष दिलं. मुलगी साताऱ्याला दिली. क्रियापद एकच. आपल्याकडे काय दिलं ते सोबतचं नाम सांगतं, त्यामुळे ‘देणे’ मोकळंच राहिलं. उत्तर युरोपात मात्र ‘देणं’ या अर्थाचं नामच एकेका प्रदेशात एकेका प्रकारच्या देण्याला चिकटलं. इंग्लंडात ते भेटीला चिकटलं, जर्मनीत विषाला, आणि स्कँडिनेव्हियात (स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क) मुलगी देण्याला. बाकीची सगळी गुंतागुंत यातूनच निघते.

आधी शब्द बनला कसा ते पाहू, कारण नात्याचा पुरावा तिथेच आहे. इंग्रजी ‘गिव्ह’, जर्मन ‘गेबन’, स्वीडिश ‘ये’ (जुनं रूप ‘यीवा’) ही सगळी ‘देणे’ याच अर्थाची क्रियापदं एका धातूची. त्या धातूला क्रियावाचक नाम बनवणारा प्रत्यय लागला आणि ‘गिफ्ट’ तयार झालं. हा प्रत्यय आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतात गम्‌ पासून गति, मन्‌ पासून मति, कृ पासून कृति होते; त्यातला ‘ति’ आणि ‘गिफ्ट’मधला शेवटचा ‘ट’ हे एकाच आद्य प्रत्ययाचे वंशज आहेत. युज्‌ पासून ‘युज्ति’ न होता युक्ति होते, कारण पुढच्या त-मुळे ज-चा क होतो. तसंच ‘गेबन’मधल्या ब-चा पुढच्या त-मुळे फ झाला. इंग्रजीत या घडणीच्या जोड्या आजही दिसतात: ड्राइव्ह आणि ड्रिफ्ट, थ्राइव्ह आणि थ्रिफ्ट, गिव्ह आणि गिफ्ट. नियम इतका पक्का असला की योगायोगाला जागा राहत नाही.

आता इंग्रजी. आपण समजतो की इंग्रजीचा अर्थ मूळचा आणि बाकीच्यांनी तो बिघडवला. प्रत्यक्षात अँग्लो-सॅक्सन काळातल्या जुन्या इंग्रजीत हा शब्द लग्नाच्या गोतावळ्यातलाच होता. एकवचनात त्याचा अर्थ वधूसाठी दिलेलं मूल्य, आणि त्याचं अनेकवचन ‘यिफ्ता’ म्हणजे लग्नसोहळा. उच्चारही ग-चा नव्हता, य-चा होता. चौदाव्या शतकात लंडनमध्ये लिहिणाऱ्या चॉसरकडेसुद्धा ‘यिफ्ट’ अशीच रूपं आहेत. आजचा कडक ग आला तो व्हायकिंगांकडून. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात डेन्मार्क-नॉर्वेची माणसं स्थायिक झाली, त्यांच्या नॉर्स भाषेतला ‘गिफ्ट’ इंग्रजीत मिसळला आणि हळूहळू त्याने देशी ‘यिफ्ट’ला मागे सारलं. ‘गिव्ह’मधला ग तसाच आला, आणि ‘एग’सुद्धा. छापखानेवाला विल्यम कॅक्सटन १४९० मध्ये एक प्रसंग सांगतो: केंटच्या किनाऱ्यावर एका व्यापाऱ्याने ‘एग्ज’ मागितली, तर घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तिच्या बोलीत अंड्यांना ‘आयरन’ म्हणत. नॉर्स शब्द आणि देशी शब्द एकाच देशात शेजारी शेजारी नांदत होते, आणि पुढे नॉर्स जिंकला. म्हणजे इंग्रजीतला भेटवाचक ‘गिफ्ट’ हा स्वतःच स्कँडिनेव्हियातून आलेला पाहुणा आहे.

जर्मनची गोष्ट सर्वांत रंजक, तिथे जरा थांबू.

जुन्या जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे साधं देणं, देणगी. तो अर्थ आज एकाच जोडशब्दात शिल्लक आहे: ‘मिटगिफ्ट’, म्हणजे मुलीसोबत दिलेलं, हुंडा. ‘मिट’ म्हणजे सोबत. जर्मन शिकणाऱ्यांना मी इथे लिंगाकडे बघायला सांगतो. ‘मिटगिफ्ट’ स्त्रीलिंगी आहे, तर विष या अर्थाचा ‘गिफ्ट’ नपुंसकलिंगी. जर्मनमध्ये जोडशब्दाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं, म्हणजे इथे नियमाने नपुंसकलिंग यायला हवं. ते येत नाही, कारण ‘मिटगिफ्ट’च्या पोटात तो जुना, देणगीवाला स्त्रीलिंगी ‘गिफ्ट’ जपून राहिला आहे. व्याकरणातला असा एक अपवाद कधी कधी शेकडो वर्षांचा इतिहास सांगून जातो. विद्यार्थ्यांनी अपवाद नुसते पाठ करू नयेत असं मला मनापासून वाटतं ते यासाठीच.

मग विष कुठून आलं? वैद्यांच्या ग्रंथांतून. ग्रीकमध्ये ‘देणे’ या अर्थाच्या धातूपासून ‘डोसिस’ हे नाम होतं. शब्दशः अर्थ ‘देणं’, वैद्यकातला अर्थ रोग्याला एका वेळी देण्याची मात्रा. ते लॅटिनमध्ये गेलं आणि लॅटिन हीच युरोपातल्या वैद्यांची भाषा होती. व्युत्पत्तीकारांचं प्रचलित मत असं की जर्मन बोलणाऱ्यांनी ‘डोसिस’साठी आपला ‘गिफ्ट’ वापरला, शब्दाला शब्द. मात्रा औषधाची असते आणि जीव घेणाऱ्या द्रव्याचीही. त्यातला दुसरा अर्थ उरला, पहिला गळाला.

हा धातू आपल्याच ‘दा’चा भाऊबंद आहे. संस्कृत दान, लॅटिन ‘डोनुम’ म्हणजे देणगी, ग्रीक ‘डोसिस’ हे सगळे एका मुळाचे. आपण पोरांना पोलिओचा ‘डोस’ देतो, तेव्हा तो शब्द ग्रीसमधून लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असा फिरून आपल्याच ‘दाना’शेजारी येऊन बसलेला असतो. शिवाय लॅटिनमध्ये याच धातूपासून ‘डोस’ असाच दिसणारा आणखी एक शब्द होता, त्याचा अर्थ हुंडा. स्पॅनिशमध्ये आजही ‘डोसिस’ म्हणजे मात्रा, ‘डोते’ म्हणजे हुंडा, ‘डोन’ म्हणजे देणगी. वेगळ्याच धातूतून पुन्हा तीच तीन देणी निघाली. म्हणून जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन, स्वीडिश यांच्या कुळातल्या भाषांत झालं ते विचित्र नाही. ‘देणं’ हा अर्थ माणसांच्या हाती पडला की तो साधारण याच वाटांनी जातो.

पॅरासेल्सस या स्विस वैद्याचं एक वाक्य इथे सांगायलाच हवं. याच माणसाने १५२७ मध्ये बाझेल इथे लॅटिन सोडून जर्मनमधून वैद्यक शिकवायला सुरुवात केली होती. १५३८ मध्ये त्याने लिहिलं की सर्व वस्तू ‘गिफ्ट’ आहेत, ‘गिफ्ट’विना काहीच नाही, वस्तू ‘गिफ्ट’ नाही हे केवळ ‘डोसिस’ ठरवते. विषशास्त्राचा पाया म्हणून हे वाक्य जगभर उद्धृत होतं: विष म्हणजे प्रमाणाचा प्रश्न. पण शब्दांच्या नजरेने वाचा. ज्या दोन शब्दांच्या मध्ये त्याने रेघ ओढली, त्या दोघांचाही मूळ अर्थ ‘देणं’च आहे. एक ग्रीक, दुसरा त्याचंच जर्मन रूप. त्याच्या काळापर्यंत ते इतके दूर गेले होते की एकाने दुसऱ्याची व्याख्या करता येत होती.

दुसरा प्रश्न: जर्मनांकडे विषाला आधी शब्दच नव्हता का? होता. जर्मानिक भाषांचा जुना शब्द जर्मनमध्ये ‘आयटर’ या रूपात अजून आहे, पण अर्थ सरकून ‘पू’ झाला, जखमेतला पू. डचमध्येही ‘एटर’ म्हणजे पूच. आइसलँडिकने मात्र जुना अर्थ सोडला नाही, तिथे ‘एयतुर’ म्हणजे आजही विष. डॅनिशमध्ये कोळ्याला ‘एडरकॉप’ म्हणतात, त्यातला ‘एडर’ हाच. इंग्रजी बोलींतही कोळ्यासाठी ‘अॅटरकॉप’ असा जुना शब्द होता. म्हणजे जुना शब्द मेला नाही, त्याला भयंकर गोष्टीचं थेट नाव म्हणून बाजूला ठेवलं गेलं आणि त्याच्या जागी सौम्य शब्द बसवला गेला. फ्रेंचांनी तेच केलं: ‘पॉयझन’चं मूळ लॅटिन ‘पोतिओ’, म्हणजे नुसतं पेय. आपल्या गावांतही कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात, आणि ‘त्याने औषध घेतलं’ या वाक्याचा अर्थ शेतकऱ्याच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. विषाचं नाव तोंडावर आणायची भीती सगळीकडे आहे. (‘विष’ हा आपला शब्द आणि लॅटिन ‘व्हायरस’ हे मात्र एकाच मुळाचे; लॅटिनमध्ये ‘व्हायरस’चा अर्थ विषारी रस असाही होता.)

आजच्या जर्मनमध्ये ‘गिफ्ट’चं कुटुंब मोठं आहे. ‘गिफ्टिश’ हा विषारी या अर्थाने, ‘फेरगिफ्टन’ हे विषबाधा करण्यासाठी. ‘गिफ्टश्रांक’ म्हणजे औषधाच्या दुकानातलं कुलूपबंद विषाचं कपाट. ग्रंथालयात वाचकांपासून दूर ठेवलेल्या पुस्तकांच्या कपाटालाही लोक हेच म्हणतात. ऑस्ट्रियात आणि बव्हेरियात ‘गिफ्ट’ म्हणजे रागसुद्धा, आणि ‘झिश गिफ्टन’ म्हणजे चिडणं. आणि ‘यावर तू गिफ्ट घेऊ शकतोस’ असं जर्मन माणूस म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘अगदी खात्रीने सांगतो’. नवशिक्या अनुवादकाने हे वाक्य शब्दशः उचललं तर अनर्थ होतो.

आता स्वीडिश, म्हणजे तुमच्या प्रश्नातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग. स्वीडिशमध्ये उच्चार ‘यिफ्ट’, कारण तिथे इ-च्या आधी येणाऱ्या ग-चा य होतो. नॉर्वेतही ‘यिफ्ट’, पण डेन्मार्कमध्ये कडक ‘गिफ्ट’. तिन्ही भाषांत विशेषण म्हणून अर्थ विवाहित, नाम म्हणून अर्थ विष. हे दोन शब्द एकाच घराण्याचे असले तरी वेगवेगळ्या दारांनी आत आले.

विवाहित हा अर्थ घरचा. जुन्या नॉर्समध्ये ‘गिप्ता’ या क्रियापदाचा अर्थ मुलगी लग्नात देणं, आणि त्याच्या कर्मणि रूपाचा अर्थ ‘दिलेली’. आपण ‘थोरलीला कोल्हापूरला दिली’ म्हणतो, अगदी तसंच. स्वीडनच्या जुन्या कायद्यात ‘यिफ्तोमान’ नावाचा अधिकारी पुरुष होता: मुलीचा बाप, नसल्यास जवळचा नातलग, ज्याला तिला लग्नात देण्याचा कायदेशीर हक्क होता. १७३४ च्या स्वीडिश विधिसंहितेचा पहिलाच भाग विवाहाचा, आणि त्याचं नावही ‘यिफ्ट’वरूनच. देणारा होता, दिली जाणारी होती, म्हणून ‘दिलेली’ म्हणजे विवाहित. पुढे बायका स्वतःच्या मर्जीने लग्न करू लागल्या, शब्द पुरुषांनाही लागू झाला आणि ‘दिलेली’ हा अर्थ बोलणाऱ्यांच्या मनातून पुसला गेला. आज स्वीडिश माणूस ‘यिफ्ता सेय’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘स्वतःला देणं’. १९८७ च्या विवाह कायद्यातही पती-पत्नीच्या मालमत्तेवरच्या परस्परहक्काला ‘यिफ्तोरेत’ असंच नाव आहे.

विष हा अर्थ मात्र बाहेरचा. मध्ययुगात बाल्टिक समुद्राचा व्यापार उत्तर जर्मनीतल्या हान्सा या व्यापारी शहरांच्या संघातल्या व्यापाऱ्यांच्या हाती होता. ल्युबेकचे व्यापारी आणि कारागीर स्टॉकहोम, बर्गन अशा बंदरांत वस्तीला होते. त्यांच्या लो जर्मनमधून, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या बोलीतून, स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये ढिगाने शब्द आले. त्यात विषवाचक ‘गिफ्ट’ही आला आणि स्थानिक विवाहवाचक शब्दाशेजारी बसला. शतकांपूर्वी ताटातूट झालेले दोन भाऊ एकाच घरात, एकाच नावाने राहू लागले. समुद्रापलीकडच्या आइसलँडवर हान्सांचा प्रभाव कमी पडला, म्हणून तिथे ‘गिफ्तूर’ म्हणजे विवाहित, पण विषाला जुनाच शब्द. आइसलँडिकमध्ये ‘गिफ्ता’ म्हणजे दैवाने दिलेलं, सद्भाग्य. देण्याची चौथी वाट. उलट बाल्टिकच्या दुसऱ्या काठावर, जर्मानिक नसलेल्या एस्टोनियनमध्येही जर्मन शब्द पोचला आणि तिथल्या उच्चाराने ‘किहव्त’ झाला. अर्थ विष, पण तरुणांच्या बोलीत ‘किहव्त!’ म्हणजे ‘भारी!’.

स्कँडिनेव्हियात देण्याचा मूळ अर्थ हरवला असं मात्र समजू नका, तो जोडशब्दांत ठणठणीत आहे. स्टॉकहोममध्ये गाडी उभी करताना पाटीवर ‘आवयिफ्ट’ दिसतो, म्हणजे शुल्क, देऊन टाकायचं ते. ‘ऊतयिफ्ट’ म्हणजे खर्च. ‘उपयिफ्ट’ म्हणजे सोपवलेलं काम किंवा दिलेली माहिती. डॅनिश ‘औगिफ्ट’ म्हणजे कर. यांतल्या कशाचाही विषाशी वा लग्नाशी संबंध नाही. नुकतेच तिकडे गेलेले आपले लोक या शब्दांनी दचकतात, पण उपसर्ग दिसला की अर्थ देण्याघेण्याचा, एवढं लक्षात ठेवलं तर बहुतेक वेळा पुरतं. ‘फर’ हा उपसर्ग मात्र वेगळा ठेवा: ‘फरयिफ्ता’ म्हणजे विषबाधा करणं.

डच भाषेने गोंधळ सर्वांत नीटसपणे सोडवला. तिथे ‘खिफ्ट’ म्हणजे देणगी, विशेषतः संस्थेला दिलेली. प्राप्तिकरात सूट मिळते ती याच नावाखाली. विष या अर्थी शेवटचा ट गळून ‘खिफ’ झालं, किंवा पुढे उपसर्ग लागून ‘फरखिफ’. लिंगंही वेगळी. विशेषण मात्र जर्मनसारखंच, ‘खिफ्तिख’ म्हणजे विषारी, त्याचा देणगीशी संबंध नाही. एका शब्दावर दोन अर्थांचा भार असह्य झाला की भाषा कशी वाट काढते, त्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

व्यवहाराचं थोडं. जर्मनीतल्या मुलाला दिवाळीचा फराळ पाठवताना पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहायची भीती वाटते असं अनेक आईवडील सांगतात. टपालाच्या सीमाशुल्क पट्टीवर ‘गिफ्ट’ हा पर्याय छापलेला असतो आणि सोबत ‘कादो’ हा फ्रेंच शब्दही, कारण जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच आहे. त्या चौकोनात निर्धास्त खूण करा. खोक्यावर हाताने काही लिहायचं असेल, तर ‘गेशेंक’ हा जर्मन शब्द लिहावा. उलट बाजूची सावधगिरी जास्त महत्त्वाची: जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये प्रयोगशाळेत, शेतावर, सफाईच्या कामावर असाल आणि डब्यावर ही चार अक्षरं दिसली, तर शब्दावर विसंबू नका, लाल कडेच्या पांढऱ्या चौकोनातली कवटी शोधा. ते चिन्ह युरोपीय संघात सगळीकडे एकच आहे. आणि स्वीडनच्या कर खात्याकडे लोकसंख्या नोंदणीचा अर्ज भरताना वैवाहिक स्थितीपुढे ‘यिफ्ट’ दिसला, तर लग्न झालेल्यांनी तोच निवडायचा. ‘ओयिफ्ट’ म्हणजे अविवाहित.

शेवटी एक इशारा, कारण ‘गिफ्ट’ची कथा कळली की माणसाला सगळीकडेच अशी नाती दिसू लागतात. इंग्रजीत ‘बार्न’ म्हणजे कोठार, स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये ‘बार्न’ म्हणजे मूल. अक्षरं तीच, नातं शून्य. इंग्रजी शब्द जुन्या ‘बेरे-एर्न’चा, म्हणजे जवाच्या घराचा, झिजलेला अवशेष आहे, स्कँडिनेव्हियन शब्द ‘जन्म देणे’ या अर्थाच्या धातूचा, आणि त्याचा खरा भाऊ स्कॉटलंडमधला ‘बेर्न’, म्हणजे लेकरू. इटालियनमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे लोणी, स्पॅनिशमध्ये गाढव. पहिला लॅटिन ‘बुतिरुम’पासून, दुसरा लॅटिनमधल्या लहान घोड्याच्या नावापासून. याउलट ‘रोलिग’ स्वीडिशमध्ये गमतीचा आणि डॅनिशमध्ये शांत, पण तो एकच शब्द, कालांतराने अर्थाने सरकलेला. आपल्याकडे ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड, तेही याच जातीचं.

कुठली जोडी नात्याची आणि कुठली योगायोगाची, हे आजच्या स्पेलिंगवरून ठरत नाही. जुनी रूपं काढायची, ध्वनी नियमाने जुळतात का पाहायचं, आणि जोडशब्द तपासायचे, कारण मूळ अर्थ बहुतेक वेळा तिथे दडून बसलेला असतो, ‘मिटगिफ्ट’मध्ये बसला तसा. ‘बार्न’ची जोडी पहिल्याच पायरीवर तुटते. ‘गिफ्ट’ची जोडी तिन्ही पायऱ्यांवर टिकते.